सगळे मामा फोकसमध्ये

कॅमेरा भाड्यानं आणायला गेलं की समोरचा माणूस काय विचारतो? किती दिवस हवाय, कुठे नेणार, बरोबर कोण आहे. सगळीकडे हेच विचारतात. पावण्याच्या एमआयडीसीत, रबराचे वॉशर पाडणाऱ्या कारखान्याच्या वरच्या गाळ्यात मी पहिल्यांदा शिरले, तेव्हा मला विचारलं गेलं, "मामा किती हायत?"

मी पुन्हा बाहेर जाऊन पाटी वाचली. पाटी कॅमेऱ्याचीच होती.

"हा, मामा," टेबलामागचा माणूस म्हणाला. "तुज्या शूटिंगमदी एका टायमाला चौकटीत मानसा किती? नि त्यातली रुसनारी किती? ते आदी सांग. मंग कॅमेरा बगू."

हे नाना. गळ्यात जाड सोन्याची चेन, अंगात पांढरा हाफ शर्ट आणि कमरेच्या पट्ट्याला सुतार लावतात तसला स्टीलचा टेप. हा टेप त्यांच्या अंगावरून कधी उतरलेला मी पाहिला नाही. गाळ्यात कुणी आलं की बोलता बोलता टेप सर्रकन बाहेर यायचा आणि पाहुण्याच्या नाकापर्यंत जायचा. मग नाना मान हलवायचे आणि टेप परत आत. पाहुणा घाबरला तर म्हणायचे, "टेन्शन नको घेऊ. सवय हाय."

नाना शिरवण्याचे. अस्सल गावचे आगरी. आमची नेरुळची सोसायटी जिथे उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या काकांचं भाताचं शेत होतं, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. वर विचारलं, "कितवा मजला?" चौथा म्हटल्यावर म्हणाले, "मंग काय नाय. खाली असतीस तर चिखोल लागला असता." आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. चेष्टा केली की राग येतो, पण उत्तर घरी पोचल्यावर सुचतं.

आता त्यांच्या मामांच्या वेडाचं कारण सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

नानांनी धंदा सुरू केला तो लग्नाच्या कॅसेटपासून. खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा आणि मागे लाईट धरणारा भाऊ. आगऱ्यांच्या लग्नात कॅसेट म्हणजे साधी गोष्ट नव्हे. लग्न झालं की सगळं गाव ती एकत्र बसून बघायचं, आणि जो तो फक्त स्वतःला शोधायचा. एका लग्नात नवऱ्याचा थोरला मामा अक्षता टाकताना धूसर आला. झालं! मामाच्या घरच्यांनी ठरवूनच टाकलं की हे नवऱ्याच्या बापानं मुद्दाम करायला लावलं. येणं-जाणं बंद. गौरीला माहेरवाशीण गेली नाही. शेवटी नाना मामाच्या घरी गेले, मामाला परत फेटा बांधायला लावला, मागे चादर टांगली आणि एकट्या मामाचं शूटिंग केलं. ते कॅसेटच्या मध्ये जोडलं. त्या कॅसेटमध्ये मामा स्वच्छ, धारदार, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असे उभे आहेत आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं कुणीही नसलेल्या जागेवर अक्षता टाकतायत.

"पन भांडान मिटला," नाना म्हणायचे. "तवापासना मी शपथ घेतली. मानूस धूसर झाला मंजे मानसाचा अपमान झाला."

एका शपथेवर माणसानं सगळा धंदा चालवावा! नानांकडे कॅमेऱ्यांच्या दोन जाती होत्या. एक सुपर थर्टीफाइव्हवाले, म्हणजे तुलनेनं लहान सेन्सरचे. ह्यांच्यात पुढचा माणूस स्पष्ट, आणि मागचेही बऱ्यापैकी ओळखू येतात. दुसरा लार्ज फॉरमॅटचा. त्याच्या पोटातला सेन्सर मोठा, म्हणून तितकीच चौकट धरली तरी ज्याच्यावर फोकस तो एकटा झळाळून उठतो आणि मागचं-पुढचं जग लोण्यासारखं वितळतं. सगळी तरुण मंडळी ह्या दुसऱ्यासाठी यायची. नाना त्यांच्या हातात पहिला द्यायचे.

"मोठा सेन्सर मंजे मोठ्या घरची सून," ते सांगायचे. "दिसायला झ्याक. पन एकटी काय करनार नाय, मागं चार मानसा लागतील."

"मग विकत कशाला घेतलात?" मी एकदा विचारलं.

"सून नको काय घरात?"

लार्ज फॉरमॅटचा तो कॅमेरा ते क्वचितच बाहेर जाऊ द्यायचे. पेटी कपाटात, पेटीवर मखमली कापड. शुक्रवारी उदबत्ती ओवाळायची आणि शनिवारी त्याच कॅमेऱ्याची गिऱ्हाइकासमोर निंदा करायची. त्यांची सगळीच मतं अशी ठाम आणि अर्धी चुकलेली. मोबाईलवर कुणी शूटिंग करणार नाही, असं त्यांनी मला छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि सांगताना ते मोबाईलवर नातवाचा वाढदिवस शूट करत होते. कॅसेटी परत येणार म्हणून एक प्लेयर अजून पुसून ठेवलेला. वाद घालायला बसलं की माझा आवाज चढायचा, त्यांचा त्याहून चढायचा, आणि खालचे रबरवाले मशीन थांबवून जिन्यात यायचे.

तर अशा माणसाकडे मी एक दिवस गेले आणि म्हटलं, "नाना, मला मोठा हवाय."

"मामा किती?"

"एकच. आणि ती बाई आहे."

मला धवलारीण शूट करायची होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई. भटजी असो नसो, ती गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही, असा मान. करंजाड्याला एक खूप म्हाताऱ्या धवलारीण होत्या, आणि त्यांनी घरच्यांना सांगून टाकलं होतं की भावाच्या नातीचं लग्न हे शेवटचं, ह्यानंतर आवाज काढणार नाही. ती नात म्हणजे नानांच्या बायकोच्या, काकींच्या, माहेरची पोर. धवलारीण काकींची सख्खी आत्या. मला लग्नात शिरायची परवानगी मिळाली ती काकींमुळेच.

माझी पहिली फिल्म होती ती. मी लोकांच्या फिल्मा शूट करत आले होते, ही माझी स्वतःची. आणि तिच्यात दुसरं काहीच नव्हतं, तो एक चेहरा आणि ते एक गाणं. ते गेलं असतं तर फिल्म गेली. खरं लग्न, त्यात 'आजी, परत एकदा म्हणा' असं कसं सांगणार? वर आत्यांची एक अट होती. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, तोंडावर लाईट मारायचा नाही. म्हणजे मांडवात येईल तेवढ्या उजेडात, लेन्स पूर्ण उघडी ठेवून काम. त्यात मोठा सेन्सर. फोकस इतका पातळ की आत्यांनी मान पुढे केली तरी गेला.

"छोटा ने," नाना म्हणाले. "ती गाते तवा मागं बाया बसतात. त्या उचलून धरतात. त्या कोन बगनार?"

"मला चेहरा हवाय, नाना. मला त्या सुरकुत्या हव्यात! मागे खुर्च्या, पंखे, कुणाचा तरी मोबाईल, हे मला नकोय!"

"बाया मंजे खुर्च्या काय?"

वाद मिटेना. मग नानांनी एक वेडेपणा केला, आणि तो मला अजून आवडतो. दोन्ही कॅमेरे गाडीत टाकले, मला बसवलं आणि सरळ शिरवण्याला घरी. काकी भाकऱ्या थापत होत्या. त्यांना काही न सांगता दोन्ही कॅमेरे स्वयंपाकघराच्या दारात शेजारी शेजारी लावले, तेवढीच चौकट, तेवढंच अंतर. टेप काढून ओट्यापर्यंत मोजलं.

"आता ह्याना काय झाला?" काकींनी मला विचारलं.

"परीक्षा आहे, काकी. तुम्ही भाकऱ्या करा."

त्या करत राहिल्या. मोठ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर काकी अशा दिसत होत्या की मी श्वास धरला. कानशिलावर पीठ, खाली झुकलेली पापणी. आणि ओठ हलत होते. काहीतरी पुटपुटत होत्या, भाकरी फिरवण्याच्या लयीत.

"काकी काय म्हणतायत?" मी हळूच विचारलं.

"बडबडतंय," नाना छोट्या कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घालून म्हणाले. "पयल्यापासना सवय हाय तिना. तू हितं बग, तवा बग, मागचा डबा बग, डब्यावरचा नाव वाचता येतंय!"

मग आम्ही काकींनाच पडदे दाखवले. पंच त्याच. काकींनी हात पुसले, मोठ्याचा पडदा पाहिला आणि म्हणाल्या, "मी दिसते. पन माझा घर कुठं गेला?" मग छोट्याचा पाहिला. "हितं घर हाय. मंग मी कुठं हाय?"

दोघंही हरलो! भाकरी-सुकट खाऊन निघताना त्यांनी निकाल दिला, दोन्ही न्यायचे. छोटा कोपऱ्यात तिवईवर, सबंध मांडव धरून आपोआप चालू राहील, मामांसाठी. मोठा माझ्या हातात, आत्यांसाठी. मी त्यांना मिठीच मारणार होते, पण त्यांनी मध्ये टेप धरला होता.

हळदीच्या आदल्या दिवशी माझ्या फोकस पुलरचा फोन आला. फोकस पुलर म्हणजे कॅमेरा चालवणाऱ्याच्या शेजारी उभा राहून चाकावर फोकस सरकवणारा माणूस. मोठ्या सेन्सरला त्याच्याशिवाय गत नाही. ह्याचा पाय मोडला होता, जिन्यावरून पडून. मला रडायलाच आलं. दुसरा कुणी मोकळा नव्हता. मी गाळ्यावर धावत गेले.

"मी ओढतंव फोकस," नाना म्हणाले.

"तुम्ही? तुम्हाला तर सगळंच फोकसमध्ये लागतं!"

"मंजे मना ओढाया येत नाय काय? टेप कुनाचा हाय?"

करंजाड्याला पोचलो तेव्हा हळद लागायची होती. इमारतीसमोर मोठा मांडव, पिवळं कापड, उजेड मधासारखा. कडेला डीजेच्या भिंतीएवढ्या पेट्या रचून पोरगा तयार बसलेला. आधी धवला, मग डीजे, असा करार होता, आणि तो पोरगा मिनिटामिनिटाला घड्याळ बघत होता.

आत्या पाटावर बसल्या होत्या. एवढ्याशा, हिरव्या लुगड्यात. नाना टेप घेऊन गेले आणि कॅमेऱ्यापासून त्यांच्या डोळ्यापर्यंत अंतर घेतलं.

"कफन मापतंस काय रं माजा?" आत्या कडाडल्या.

"नाय आत्या, फोकस."

"तो काय असतो?"

"तू कुठं हायस ते बगायचा असतो."

"मी हितंच हाय. मना इचार ना!"

सगळा मांडव हसला. पण नाना थांबणारे नव्हते. आत्या मान पुढे करतील तेवढं अंतर, मागे टेकतील तेवढं, हात वर करतील तेवढं, सगळं मापून चाकावर पेन्सिलीनं खुणा केल्या. मग मामांकडे गेले आणि एकेकाला सांगून आले की मोठ्या कॅमेऱ्यात तुम्ही धूसर याल, पण कोपऱ्यातला कॅमेरा खास तुमच्यासाठी आहे, राग धरू नका. एक मामा लगेच उठून कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याला परत बसवलं.

बायका आत्यांच्या मागे दाटीवाटीनं बसल्या. काकी सगळ्यांत मागे, मांडवाच्या खांबाला टेकून. त्यांचं माप कुणी घेतलं नाही. घ्यायचं काही कारणच नव्हतं, त्या जागेचं लोणी होणार होतं.

आत्यांनी सूर लावला. काय सांगू! तो आवाज चांगला नव्हता, चिरका होता, पण तो आला आणि मांडवातली पोरंटोरं गप्प झाली. माझ्या चौकटीत फक्त तो चेहरा. एकेक सुरकुती, ओलसर डोळा, नथीचा हलणारा मोती. आत्या पुढे झुकल्या की फोकस त्यांच्याबरोबर पुढे, मागे गेल्या की मागे. नाना असलं लोण्यासारखं चाक फिरवत होते की मी मनातल्या मनात ओरडत होते, मिळालं, मिळालं, फिल्म मिळाली!

आणि आत्या थांबल्या.

ओळ अर्ध्यात. आधी मला वाटलं दम घेतायत. पण डोळ्यांत काहीतरी हरवल्यासारखं झालं, ओठ उघडे, शब्द नाही. धवला मध्येच तोडणं म्हणजे अपशकुन. नवरी वर बघायला लागली. हळदीचा हात तसाच वर राहिला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्या उचलून धरणाऱ्या, आधी ओळ कुणीतरी टाकावी लागते. आत्यांचं शेवटचं गाणं माझ्या डोळ्यांदेखत तुटत होतं.

बायकांच्या मागून आवाज आला. पुढची ओळ. मोकळा, भरदार, न घाबरणारा बाईचा आवाज.

माझ्या चौकटीत आत्यांच्या खांद्यामागे नुसता पिवळा-हिरवा धूर. त्या धुरात कुठेतरी कोणीतरी गात होतं. मी काय करू? आत्यांचा चेहरा सोडू? तो सोडला तर परत कधी नाही. मी कॅमेरा हलवला नाही. आणि तेवढ्यात आत्यांचा चेहरा वितळला. माझ्या डोळ्यांसमोर! सुरकुत्या गेल्या, नथ गेली, सगळं गेलं, आणि त्या धुरातून एकच चेहरा वर आला, पापणीच्या केसासकट धारदार. काकी. डोळे मिटलेले, खांबाला टेकलेल्या, गातायत.

चाक मी फिरवलं नव्हतं. मी शेजारी बघितलं. नानांची नजर चाकावर नव्हती, पेन्सिलीच्या खुणांवर नव्हती, पडद्यावरही नव्हती. ते सरळ मांडवाच्या त्या टोकाला बघत होते, तोंड उघडं टाकून.

"तिला सोडू नको," ते माझ्या कानात म्हणाले. "बाकी सगला गेला तरी चालंल. मामा गेले खड्ड्यात. तिला सोडू नको, बाय."

मी सोडलं नाही. काकींनी ओळ पुरी केली, बायकांनी उचलली, आणि मग आत्यांनाही सापडली. दोघींनी मिळून धवला शेवटाला नेला. नानांनी फोकस एकीवरून दुसरीवर, दुसरीवरून पहिलीवर असा नेला की एकदाही चुकला नाही, आणि शेवटी काकींवरच ठेवला. हळद लागली. मी रडत होते आणि हसत होते, आणि चौकट हलू नये म्हणून श्वास धरून ठेवला होता.

लोक जेवायला उठले. मी कॅमेरा उतरवायला लागले तर नाना म्हणाले, "हात लावू नको!" टेप काढला, त्याचं टोक कॅमेऱ्याला अडकवलं आणि रिकाम्या मांडवातून, सांडलेल्या अक्षतांवरून, खांबापर्यंत चालत गेले. आकडा बघितला. तिथूनच ओरडले, "बाय, चाक बग! चाकावर काय हाय?"

मी चाकावरचा आकडा वाचला.

"बरोब्बर!" ते नाचलेच. खरोखर नाचले, टेप हातात धरून. "इंचभर फरक नाय! न मापता!"

काकी ताट घेऊन आल्या. "आता काय मापता?"

"तू किती लांब व्हतीस ते."

"मंग? किती?"

नानांनी टेप सोडला. तो सर्रकन आत गेला. "जवलच व्हतीस," ते म्हणाले.

"मंग एवढी वरसा ऐकू कसा नाय आला तुमाना?" काकींनी विचारलं. रागानं नाही. मीठ कमी आहे का विचारावं तसं. "रोज तर म्हनते मी. भाकऱ्या करताना."

काकींनी ताट त्यांच्या हातात दिलं. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेल्या त्या माणसानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता काहीतरी चुकीचं बोलणार. तेवढ्यात डीजेच्या पेट्यांतून पहिला ठोका पडला आणि मांडवाचं कापड थरथरलं.

नानांनी ताट माझ्या हातात कोंबलं आणि पळत सुटले. ह्या वयात, ती चेन छातीवर आपटत, पेट्यांपर्यंत. "बंद कर! ए, बंद कर रं तो!"

पोरगा वैतागला. "नाना, धवला झाला ना? किती वेल थांबू आता?"

"गप बस," नाना म्हणाले, आणि खांबाजवळ उभ्या असलेल्या बायकोकडे बोट दाखवलं. "आत्ता कुठं फोकस लागलाय."